लडलो: किल्ल्याच्या दारात वसलेली पेठ

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेला लागून असलेल्या श्रॉपशर परगण्यात लडलो नावाचे एक लहानसे गाव आहे. लोकवस्ती जेमतेम दहा-अकरा हजारांची, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांपुढे नगण्यच. पण सरकारी यादीत संरक्षित म्हणून नोंदलेल्या इमारती मात्र पाचशेच्या घरात आहेत. गावाला टीम नदीने दोन बाजूंनी वेढा घातलेला, उत्तरेकडून कॉर्व ही छोटी नदी येऊन तिला मिळते आणि मधल्या टेकडीवर एका टोकाला किल्ला, माथ्यावर चर्चचा उंच मनोरा अशी या गावाची आकृती आहे. बर्मिंगहॅमच्या परिसरात राहणारे मराठी लोक सुट्टीला स्कॉटलंडपर्यंत गाडी हाकतात, कॉट्सवोल्डच्या गर्दीत तासन्‌तास अडकून पडतात आणि हाकेच्या अंतरावरचे लडलो त्यांच्या गावीही नसते, ही माझी जुनी तक्रार आहे.

प्रवासाच्या पुस्तकांत लडलोचे वर्णन बहुधा किल्ल्यापासून सुरू होते आणि राजेराजवाड्यांच्या नावांतच आटोपते. मला ते उलटे वाटते. किल्ल्याने गावाला जन्म दिला हे खरे, पण गावाला पोसले ते किल्ल्याच्या दारासमोरच्या बाजाराने. सरदार आले आणि गेले, व्यापारी बुडाले, न्यायालये बंद पडली, हातमोज्यांचा धंदा बसला. प्रत्येक वेळी गावाचा एकेक आश्रयदाता नाहीसा झाला आणि बाजार मात्र तिथेच भरत राहिला. म्हणून हे गाव पाहायचे तर बाजाराच्या चौकातून पाहावे.

अकराव्या शतकाच्या अखेरीस द लेसी या नॉर्मन, म्हणजे उत्तर फ्रान्समधून विजेत्यांबरोबर आलेल्या, घराण्याने टीम नदीच्या कड्यावर दगडी किल्ला बांधायला घेतला. वेल्सच्या लोकांना थोपवून धरण्यासाठी सीमेवर उभारलेल्या किल्ल्यांच्या साखळीतला हा एक. १०८६ साली इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन राजा विल्यमने साऱ्या देशाची जमीन-महसुलाची मोजदाद करवली, तिच्यात लडलो गावाची नोंदच नाही, कारण तेव्हा गावच नव्हते. पुढच्या शंभर वर्षांत ते मुद्दाम वसवले गेले. पेशवाईत पुण्यात जशा पेठा आखून दिल्या गेल्या, व्यापाऱ्यांना जागा नेमून दिल्या गेल्या, तसाच हा प्रकार होता. किल्ल्याच्या दारापासून पूर्वेकडे एक प्रशस्त सरळ रस्ता ठेवला, तो बाजारासाठी. आणि त्याला काटकोनात उतारावरून नदीकडे जाणारे दोन रुंद रस्ते काढले, ब्रॉड स्ट्रीट आणि मिल स्ट्रीट. या रस्त्यांच्या दोन्ही अंगांना घरांसाठी पट्टे पाडले गेले. पट्टा रस्त्याच्या बाजूने अरुंद आणि मागे लांबच लांब असे. पुढे दुकान, वर राहणे, मागे अंगण, कोठार, गोठा. पट्टा घेणारा सरदाराचा बांधील कूळ नसे, तो ठरलेले वार्षिक भाडे भरून मोकळा होई. शेतीच्या वेठीतून सुटून व्यापार करू पाहणाऱ्या माणसाला याहून मोठे आमिष नव्हते. आजही ब्रॉड स्ट्रीटवरच्या एखाद्या घराच्या बोळातून मागे डोकावले, तर बाग अशी लांब पसरलेली दिसते की पुढच्या बाजूच्या अरुंदपणावरून तिचा अंदाजही येऊ नये. आठशे वर्षांत घरे अनेकदा बदलली, पट्ट्यांच्या हद्दी मात्र बऱ्याच ठिकाणी जिथल्या तिथे आहेत.

बाजाराच्या मूळ रस्त्याचे पुढे काय झाले, ही लडलोमधली मला सर्वांत रंजक वाटणारी गोष्ट आहे. आज किल्ल्यासमोर मोठा चौक आहे. तिथून पूर्वेकडे निघाले की रस्ता एकाएकी आकसतो आणि समांतर चालणाऱ्या तीन-चार अरुंद गल्ल्यांत फुटतो. हार्प लेन, मार्केट स्ट्रीट, चर्च स्ट्रीट, किंग स्ट्रीट अशी त्यांची नावे. या गल्ल्या कुणी आखलेल्या नाहीत. मूळच्या रुंद बाजारात विक्रेत्यांच्या ओळी लागत. आज मांडलेले उद्या उचलायचे असा रिवाज. मग कुणी रात्रीपुरते फळकूट तसेच ठेवले, कुणी वर छप्पर घातले, कुणी चार खांब रोवले, आणि पिढ्या-दोन पिढ्यांत त्या पथाऱ्यांची पक्की दुमजली, तिमजली घरे झाली. दोन ओळींमधली ग्राहकांनी चालायची वाट तेवढी उरली, तीच आजची गल्ली. अतिक्रमण नियमित होण्याची ही प्रक्रिया मराठी वाचकाला निराळी समजावून सांगावी लागू नये. फरक एवढाच की इथे त्याला सात शतके उलटली आणि अतिक्रमणाचीच आता वारसा म्हणून जपणूक होते. हार्प लेनमध्ये उभे राहून दोन्ही बाजूंच्या भिंतींमधले अंतर पाहिले, की हे मोजमाप गाड्यांचे नसून खांद्यावर बोचके घेतलेल्या माणसांचे आहे, हे लगेच ध्यानात येते.

बाजार म्हटला की माप आले आणि मापातली लबाडीही आली. बुल रिंग या भागात, जिथे गुरांचा बाजार भरे, टोल्सी नावाची लाकडी चौकटीची एक जुनी इमारत आहे. बाजाराची जकात इथे गोळा होई आणि बाजारातले तंटे इथेच मिटवले जात. परगावाहून आलेला व्यापारी दुसऱ्या दिवशी निघून जाणार, त्यामुळे त्याच्या तक्रारीचा निवाडा तिथल्या तिथे व्हावा, अशी ही तडकाफडकी न्यायाची व्यवस्था होती. टोल्सीमध्ये जे सुटले असतील त्यांच्यासाठी चर्चमध्ये वेगळी तजवीज केलेली आढळते. सेंट लॉरेन्सच्या चर्चमध्ये गायकवृंदाच्या जागी घडीच्या लाकडी बैठका आहेत. पाद्रींना तासन्‌तास उभे राहावे लागे, तेव्हा टेकायला बैठकीच्या खालच्या बाजूस एक छोटा आधार असे आणि त्या आधाराखाली कोरीवकाम. अशा अठ्ठावीस बैठका इथे आहेत, चौदाव्या-पंधराव्या शतकांतल्या. त्यांतल्या एकीवर मद्य विकणारी एक बाई आहे. हातात तिचे ते खोटे माप, आणि एका सैतानाने तिला खांद्यावर उलटी टाकून नरकाच्या उघड्या जबड्याकडे चालवले आहे. दुसरा एक सैतान मोठ्या हौसेने वाद्य वाजवतो आहे आणि तिसरा तिच्या पापांची यादी वाचून दाखवतो आहे. कोरणाऱ्याने राजा नाही, संत नाही, गावच्या बाजारातली मापात मारणारी बाई निवडावी आणि ती चर्चच्या सर्वांत पवित्र भागात पाद्रींच्या बुडाखाली बसवावी, यावरून या गावाला कशाची चाड होती ते कळते. दुसऱ्या एका बैठकीवर धर्मगुरूच्या वेषातला कोल्हा प्रवचन देताना दिसतो. विनोदाची जातकुळी आपल्या भारुडांना जवळची आहे.

हे चर्च गावाच्या मानाने अवाढव्य आहे. मनोरा सुमारे १३५ फूट उंच, आणि मैलोगणती अंतरावरून तो दिसतो. एवढा पैसा आला कुठून, याचे उत्तर लोकर हे आहे. वेल्सच्या सीमेवरच्या टेकड्यांवर चरणाऱ्या मेंढ्यांची लोकर इंग्लंडमधल्या उत्तम लोकरीत गणली जाई; ती फ्लँडर्सच्या विणकरांकडे आणि इटलीच्या व्यापाऱ्यांकडे जाई. तेराव्या शतकाच्या शेवटी लॉरेन्स ऑफ लडलो हा देशातल्या सर्वांत मोठ्या लोकर-व्यापाऱ्यांपैकी एक होता. राजेमहाराजांना आणि सरदारांना कर्ज देण्याइतका पैसा त्याने केला. लडलोच्या वायव्येला काही मैलांवर असलेली स्टोकसे ही तटबंदीची देखणी गढी त्याने बांधली आणि १२९१ साली तिला तटबंदी घालण्याचा राजाचा परवानाही मिळवला. व्यापाऱ्याने सरदारासारखे राहायचे स्वप्न पाहिले, आणि ते पुरे केले, असे इंग्लंडमधले हे एक आरंभीचे उदाहरण आहे.

त्याचा शेवट मात्र विलक्षण झाला. १२९४ साली राजा पहिला एडवर्ड फ्रान्सशी लढाईच्या तयारीत होता आणि त्याला पैसा हवा होता. लोकरीच्या प्रत्येक पोत्यामागे ४० शिलिंग असा जबर निर्यातकर बसवण्याची योजना निघाली, आणि तिच्यामागे जे बडे व्यापारी उभे राहिले त्यांत लॉरेन्स अग्रणी होता. व्यापारी कर भरणार, पण मेंढपाळाला आणि मठांना लोकरीचा भाव तेवढाच पाडून देणार, हे उघड होते. म्हणजे भार अखेर उत्पादकावरच पडायचा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोकरीने लादलेले त्याचे जहाज सफोकच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडले आणि तो बुडाला. डन्स्टेबलच्या मठातल्या बखरकाराने त्यावर समाधानाने शेरा मारला की लोकरवाल्यांशी पाप करणारा लोकरीच्या जहाजातच बुडाला. मठाकडे स्वतःच्या मेंढ्या होत्या, हे लक्षात घेऊनच तो शेरा वाचावा.

लोकरीच्या पैशाला संस्थेचे रूप दिले ते पामर्स गिल्डने. पवित्र भूमीची यात्रा करून आलेल्यांच्या नावाने चालणारा हा धार्मिक संघ तेराव्या शतकात सुरू झाला. सभासदाने वर्गणी भरायची आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या आत्म्यासाठी पाद्रींनी प्रार्थना करायची, असा मूळ व्यवहार. पण वर्गणीदार लडलोपुरते राहिले नाहीत, दूरदूरच्या गावांतले हजारो लोक सभासद झाले आणि संघाने गावातल्या घरांचा आणि दुकानांचा मोठा हिस्सा विकत घेतला. त्या भाड्यातून शाळा चालली, पाद्री पोसले गेले, पंधराव्या शतकात चर्चची मोठी पुनर्बांधणी झाली. चर्चमधल्या एका रंगीत काचेच्या खिडकीत निळ्या वेषातले लडलोचे यात्रेकरू अजून उभे आहेत. आठव्या हेन्रीने आणि त्याच्या मुलाने देशभरातले मठ आणि धार्मिक संघ मोडीत काढले तेव्हा बहुतेक ठिकाणी मालमत्ता राजाच्या मर्जीतल्या लोकांनी लाटली. लडलोच्या कारभाऱ्यांनी मात्र वाटाघाटी करून १५५२ साली गिल्डची इस्टेट, शाळेसकट, नगरपालिकेच्या नावावर करून घेतली. या गावात किल्ला कुणी जिंकला यापेक्षा ही वाटाघाट मला जास्त महत्त्वाची वाटते.

राजकारणाचे म्हणाल तर तेही इथे कमी झाले नाही. १४७३ साली चौथ्या एडवर्डने आपल्या लहानग्या मुलाला लडलोच्या किल्ल्यात ठेवले आणि त्याच्या नावाने वेल्स आणि सीमाप्रांताचा कारभार पाहणारे मंडळ नेमले. एप्रिल १४८३ मध्ये बाप वारला, बारा वर्षांचा तो मुलगा इथूनच राजा म्हणून लंडनला निघाला आणि टॉवर ऑफ लंडनमध्ये धाकट्या भावासह कायमचा नाहीसा झाला. १५०१ च्या अखेरीस सातव्या हेन्रीचा थोरला मुलगा आर्थर आपल्या नव्या नवरीसह, स्पेनच्या कॅथरीनसह, इथे राहायला आला आणि २ एप्रिल १५०२ रोजी पंधराव्या वर्षी इथेच वारला. त्याची विधवा पुढे धाकट्या दिराशी, म्हणजे आठव्या हेन्रीशी लावून दिली गेली, आणि तिच्याशी काडीमोड घेण्याच्या भानगडीत इंग्लंड रोमच्या पोपपासून तुटले. लडलोच्या एका आजारपणाने इंग्लंडचा धर्म बदलला असे म्हणणे अतिशयोक्त आहे, तरी किल्ल्यातल्या पडक्या दालनाकडे पाहताना ते मनात येतेच.

सीमाप्रांताचे हे मंडळ पुढे दोनशे वर्षे टिकले आणि ते मुख्यतः न्यायालय म्हणून चालले. जिथे कचेरी तिथे वकील, जिथे वकील तिथे अशिले, आणि अशिलांना राहायला-जेवायला खाणावळी हव्यात. बाजाराला नवे गिऱ्हाईक मिळाले. कॉर्व स्ट्रीटच्या माथ्याजवळचे फेदर्स हे काळ्या-पांढऱ्या लाकडी नक्षीचे, प्रत्येक छायाचित्रात मिरवणारे घर १६१९ साली एका वेल्श वकिलाने बांधले. खाणावळ ते नंतर झाले. १६८९ साली मंडळ रद्द झाले आणि किल्ला ओसाड पडला. छपरावरचे शिसे गेले, मग छप्पर गेले. आज तिथे भिंती आहेत, अंगणात बाराव्या शतकातल्या गोल प्रार्थनागृहाचा सांगाडा आहे, आणि बाकी हिरवळ.

अठराव्या शतकात लडलोने आपला चेहरा बदलला. आसपासचे जमीनदार हिवाळ्यात इथे घरे घेऊन राहू लागले, आणि जुन्या लाकडी घरांना पुढून विटांचे दर्शनी भाग चढवले गेले. ब्रॉड स्ट्रीटवरची कित्येक घरे समोरून जॉर्जियन, म्हणजे अठराव्या शतकातल्या धाटणीची, आणि आतून मध्ययुगीन आहेत. शहराच्या सात वेशींपैकी याच रस्त्यावरची एक शिल्लक आहे, आणि तिच्यावरही कुणीतरी बिनदिक्कत घर बांधले आहे. रस्त्याच्या माथ्यावर १७४० च्या दशकात बटरक्रॉस ही घड्याळाचा मनोरा असलेली दगडी इमारत उभी राहिली. खाली खांबांवरचा उघडा मंडप, जिथे खेड्यातून आलेल्या बाया लोणी विकत, आणि वर गरीब मुलांची शाळा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कातडी हातमोजे शिवण्याचा धंदा भरभराटीला आला होता, घरोघरी बाया शिवणकाम करीत. परदेशी मोज्यांवरची आयातबंदी उठताच तो कोसळला. त्यानंतर ना मोठे कारखाने आले ना पैसा. जुने पाडून नवे बांधायची ऐपत फारशी कुणाची नव्हती, आणि आज ज्याला सौंदर्य म्हणून लोक पाहायला येतात त्यातले बरेचसे त्या मंदीचे देणे आहे.

ओसाड किल्ला १८११ साली अर्ल ऑफ पोविसने सरकारकडून विकत घेतला, आणि तो आजही त्याच घराण्याच्या इस्टेटीकडे आहे. हा अर्ल म्हणजे रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड. तो वीस वर्षे लडलोचा खासदार होता आणि १७९८ ते १८०३ मद्रासचा गव्हर्नर. बापाची ओळख मराठी माणसाला प्लासीच्या आधीपासून आहे: फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज आरमारप्रमुख वॉटसनची जहाजे आणि क्लाइव्हचे सैनिक यांनी पेशव्यांशी हातमिळवणी करून तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला आणि मराठ्यांचे ते आरमार जाळून टाकले. क्लाइव्हची खरी माया बंगालची, विजयदुर्गची नव्हे, हे मान्य. पण किल्ल्याच्या दारातल्या फलकावर पोविस हे नाव वाचताना मला घेरियाची, म्हणजे विजयदुर्गाची, खाडी आठवल्यावाचून राहत नाही. जाता जाता सांगायचे तर त्याच १८११ साली किल्ल्याशेजारच्या डिनम हाउसमध्ये नेपोलियनचा भाऊ ल्यूसियन इंग्रजांचा कैदी म्हणून काही काळ राहिला होता.

बाजाराच्या चौकात १८८७ च्या सुमारास विटांचा भलाथोरला टाउनहॉल बांधला गेला. तो बहुतेकांना कुरूप वाटे, पण छप्पर असल्यामुळे विक्रेत्यांची सोय होत असे. १९८६ साली तो पाडला, आणि चौक पुन्हा उघड्यावरचा झाला. त्यावर हळहळणारेही होते. मला पाडला हे बरे वाटते, कारण चौक मोकळा असल्यामुळेच किल्ल्याचे दार आणि बाजार यांचा मूळ संबंध नजरेत भरतो.

१९९५ पासून किल्ल्याच्या आवारात खाद्यमहोत्सव भरू लागला आणि त्याच सुमारास काही नामवंत आचाऱ्यांनी इथे लहान उपाहारगृहे काढली. २००० च्या आसपास या चिमुकल्या गावात मिशेलिन तारा, म्हणजे उत्तम उपाहारगृहांना मिळणारा नामांकित फ्रेंच मार्गदर्शिकेचा मान, मिळवलेली तीन ठिकाणे होती. ती तिन्ही पुढे बंद झाली किंवा लंडनला गेली, पण त्यांनी जे खाटीक, पाववाले आणि चीजवाले नावारूपाला आणले ते टिकून आहेत. सॉसेज चाखत खाटकांची दुकाने फिरण्याची स्पर्धा महोत्सवात लोकप्रिय आहे. शाकाहारी मंडळींनी चीजकडे वळावे. स्टेशनजवळ टेस्को या बड्या सुपरमार्केट साखळीचे दुकान येणार म्हटल्यावर गावाने बरीच वर्षे भांडण केले. अखेर ते आले, पण मागच्या टेकडीच्या रेषेशी जुळेल असे वक्र छप्पर घेऊन. भांडणातून एवढे पदरात पडले, हेही थोडे नाही. मात्र घरांच्या किमती बाहेरून आलेल्या निवृत्तांनी वाढवल्या आणि बाजारात गाळा लावणाऱ्या तरुणाला गावात घर परवडत नाही, ही कुरकुर तिथल्या विक्रेत्यांच्या तोंडून सहज ऐकू येते.

जायचे असेल तर सोमवार, बुधवार, शुक्रवार किंवा शनिवार हे नेहमीच्या बाजाराचे दिवस धरावेत. गाडीपेक्षा रेल्वे बरी: १८५२ साली आलेला लोहमार्ग अजून चालू आहे, श्रूझबरी आणि हेरफर्ड यांच्या मधले हे स्थानक, तिथून चौक चढणीवरून पायी थोड्याच मिनिटांवर. महोत्सवाचा सप्टेंबरमधला आठवडाअखेर टाळावा, कारण तेव्हा हार्प लेनमध्ये पाऊल ठेवायला जागा नसते. दुपारी डिनमचा पूल ओलांडून व्हिटक्लिफच्या चढावर जावे. गावाच्या सामायिक कुरणातला उरलेला हा तुकडा आहे आणि किल्ला, मनोरा व मधली छपरे एका दृष्टिक्षेपात तिथूनच दिसतात. परतताना लडफर्ड पुलाजवळच्या कोपऱ्यावरचा खडक पाहून घ्यावा. माशांच्या सूक्ष्म अवशेषांनी भरलेला त्यातला पातळ थर भूशास्त्रज्ञांत प्रसिद्ध आहे, आणि सुमारे बेचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या एका कालखंडाला जगभर लडलो हेच नाव आहे.